धुतलेल्या कांड्या

“एक ओळ आहे, आई! फक्त एक ओळ! खाली सही करायची आणि मोकळं व्हायचं. त्यात एवढा काय जीव अडकलाय तुझा?”

“ती ओळ खोटी आहे.”

“कुठल्या ऑफिसातला कागद खरा असतो, सांग बरं.”

“मला ऑफिसाचं विचारू नकोस. माझ्या सिंकचं विचार.”

मुलगी कागद हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती, आणि तो नेहमीपेक्षा फारच बारीक चिरला जात होता. वडील मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसले होते. ते व्यवसायानं प्लंबर होते आणि घरातला नळ पाच महिन्यांपासून गळत होता. भांडण लागलं की त्यांना घरातली दुरुस्ती आठवायची.

“भांडीच घासायची असतात ना तिथं?” सासूबाई बाहेरच्या खुर्चीतून म्हणाल्या. “मग नीट घासली गेली नाहीत असं म्हणायला लाज कसली? मी आयुष्यात शंभरदा म्हटलं असेल, बाई, घाईत राहिलं.”

“ती भांडी नाहीत, आई,” सून म्हणाली.

“आतून घाण होतं, घासून उपडं घालावं लागतं. मग काय दागिने आहेत का?”

नळाशी बसलेल्या माणसाला हसू आलं आणि त्यानं ते पान्याच्या आवाजात लपवलं.

मुलीनं कागद पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. संस्थेच्या कचेरीतल्या साहेबांनी तो टाइप करून दिला होता. ‘ढवळण्याच्या चुंबकी कांड्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे आम्लात धुतल्या गेल्या नाहीत, ही माझ्याकडून अनवधानाने झालेली चूक आहे.’ खाली टिंबटिंबांची रेघ. सोमवारी सकाळी दहापर्यंत सही करून परत द्यायचा होता, आणि आज रविवार होता.

“अनवधानानं म्हटलंय,” मुलगी म्हणाली. “म्हणजे मुद्दाम नाही. किती सौम्य लिहिलंय बघ.”

“धुतल्या गेल्या नाहीत असं म्हटलंय,” आई म्हणाली. “मी धुतल्या होत्या.”

ज्या संस्थेत ती सव्वीस वर्षं काम करत होती, तिथं तिला सगळे काचमावशी म्हणत. रसायनशास्त्राची संशोधन संस्था होती ती. चार मजले, प्रत्येक मजल्यावर पाच प्रयोगशाळा, आणि दुसऱ्या मजल्याच्या टोकाला धुण्याची खोली. कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत तीन महिन्यांसाठी म्हणून ती आली. ती रजेवर गेलेली बाई परत आली नाही आणि ही परत गेली नाही. शिक्षण दहावी नापास, तेही नेमकं विज्ञानात. हे ती नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, म्हणजे पुढं कुणाला शोध लावावा लागू नये.

धुण्याच्या खोलीत तीन सिंक होते आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी अ‍ॅसिटोननं खळखळून चिकट राड काढायची. मग काच अल्कोहोलात मुरवलेल्या क्षाराच्या टाकीत रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी काढून धुवायची, मग आम्ल, मग साधं पाणी तीन वेळा, मग ऊर्ध्वपातित पाणी, आणि शेवटी भट्टीत वाळवण. स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांनी पाहायचं नसतं. काच उभी धरून पाणी सोडायचं. पाणी चादरीसारखं एकसंध खाली सरकलं तर काच धुतली गेली. कुठं थेंब धरून बसलं तर तिथं अजून काही आहे. हे तिला तिच्या आधीच्या बाईनं रजेवर जाता जाता शिकवलं होतं आणि तिनं पुढं निदान दोनशे विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यातले काही आता निरनिराळ्या देशांत मोठ्या पदांवर होते आणि काच धुवायला त्यांच्याकडेही दुसरं कुणीतरी होतं.

तिच्या बोटांच्या टोकांवर पिवळे डाग असत. नायट्रिक आम्ल हातमोज्याच्या बारीकशा भोकातूनही कातडीला गाठतं आणि तो रंग घासून जात नाही, कातडी निघते तेव्हाच जातो. मुलगी लहान असताना शाळेत सांगायची, माझी आई रंगकाम करते.

संशोधन कसं बदलत गेलं हे तिला राडीवरून कळत असे. सुरुवातीला फ्लास्कांच्या बुडाशी डांबरासारखे काळे थर यायचे. मग धातूंचे दिवस आले. करडे, तपकिरी, कधी आरशासारखे चकचकीत थर. हे धातू म्हणजे उत्प्रेरक. दोन रेणूंना जवळ आणतात, जोडून देतात आणि स्वतः कोरेच्या कोरे बाजूला होतात, असं तिला एका विद्यार्थ्यानं समजावलं होतं. “म्हणजे लग्न जमवणाऱ्या बाईसारखे,” ती म्हणाली होती. “फक्त जेवायला थांबत नाहीत.” अलीकडे वरच्या मजल्यावरून वेगळीच काच यायला लागली. त्यात आंबलेल्या दुधासारखा वास असे. तिथं म्हणे जंतूंकडून प्रथिनं बनवून घेतात आणि त्या प्रथिनांना आपल्याला हवी तशी मुरड घालतात, की जे काम धातू करायचे ते त्यांनी करावं, तेही साध्या पाण्यात. ती काच धुवायला सोपी होती. काचमावशीचं त्या शोधाबद्दल मत चांगलं होतं.

कांड्यांचं प्रकरण मात्र दुसऱ्या मजल्यावरचं.

कांडी म्हणजे बोटाच्या पेराएवढं पांढरं चुंबक, वरून गुळगुळीत प्लॅस्टिकचं आवरण. फ्लास्कमध्ये टाकायची, खाली यंत्र ठेवायचं, की ती आतल्या आत गरगर फिरून द्रव ढवळते. दर वर्षी अशा शे-दीडशे कांड्या तिच्या हातून जात. वापरून वापरून आवरणावर बारीक ओरखडे पडतात, पांढऱ्याची करडी होते. नियम असा होता की कांड्या दर आठवड्याला आम्लराजात भिजवायच्या. आम्लराज म्हणजे दोन आम्लांचं मिश्रण, जे सोनंही विरघळवतं. आणि ज्या कांड्या ओरखडल्या असतील त्या दर सहा महिन्यांनी फेकून द्यायच्या.

पहिला नियम ती पाळायची. दुसरा पाळला जायचा नाही. फिरत असलेली, चालत असलेली वस्तू उचलून कचऱ्यात टाकायला तिचा हात होत नसे. घरी तुटक्या कानाचे कप होते, बिनमुठीची सुरी होती. संस्थेत एका जुन्या बरणीत ओरखडलेल्या कांड्या होत्या.

ती बरणी चष्मेवालीला फार आवडली.

चष्मेवाली म्हणजे सरांची, त्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, विद्यार्थिनी. पाच वर्षांपूर्वी आली तेव्हा डबाही धड आणायची नाही. काचमावशी आपल्या डब्यातलं अर्धं तिला वाढायची. तिच्या हाती पहिली दोन वर्षं काही लागलं नाही. मग एक दिवस त्या बरणीतली एक कांडी घेऊन तिनं दोन रेणू जोडायचा प्रयोग लावला आणि तो लागला. हे जोडकाम औषधं बनवताना रोज करावं लागतं, आणि त्याला पॅलेडियम नावाचा, सोन्याच्या तोडीस तोड महाग धातू लागतो. तो वापरला की औषधातून पुन्हा कणाकणानं उपसून काढावा लागतो. चष्मेवालीनं पॅलेडियम घातलंच नव्हतं. धातू न घालता रेणू जोडले गेले. सरांनी तीनदा विचारलं, तिनं तीनदा करून दाखवलं. निबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला, सरांना भाषणांना बोलावणी आली, आणि चष्मेवालीनं काचमावशीला मिठी मारून सांगितलं, “मावशी, या कांड्या माझ्यासाठी वेगळ्या ठेवा हं. दुसऱ्या कुणाला देऊ नका. या मला लाभतात.”

मावशीनं बरणीवर लाल दोरा बांधला. असं काही लाभतं-बिभतं यावर तिचा विश्वास होता असं नाही. पण नव्हताच असंही नाही.

दीड वर्ष झालं आणि पत्रं यायला लागली. आमच्याकडे हा प्रयोग लागत नाही. तीन ठिकाणांहून तीन पत्रं. सरांनी प्रयोग नव्यानं करून पाहायचं काम एका नव्या संशोधकावर सोपवलं. हा तिशीतला, दोन मुलांचा बाप, कमी बोलणारा. बायको दुसऱ्या गावी नोकरीला असल्यामुळे शनिवारी-रविवारी बसनं जायचा आणि सोमवारी सकाळी थेट प्रयोगशाळेत, पिशवीसकट. त्याला सगळे ‘पिशवी’ म्हणत. पिशवीनं नवी रसायनं मागवली, नवी काच काढली, कांड्यांचं नवं पाकीट फोडलं, आणि सहा महिने घासला. एकदाही रेणू जोडले गेले नाहीत. मग चष्मेवाली आली, तिनं स्वतःच्या बरणीतली कांडी टाकली, त्याचीच रसायनं, त्याचाच फ्लास्क, आणि संध्याकाळी प्रयोग लागला. सगळे म्हणाले, तिचा हातच तसा आहे. पिशवीला हातगुण नाही. पिशवी त्या आठवड्यात गावी गेला नाही.

काचमावशी हे सगळं सिंकपाशी उभी राहून बघत होती. आणि एका दुपारी फ्लास्क धुता धुता तिला घरातलं जुनं मातीचं भांडं आठवलं. सासूबाई त्यात वर्षानुवर्षं दही लावायच्या. ते भांडं कितीही घासलं, उन्हात तापवलं, तरी नुसतं कोमट दूध ओतून ठेवलं की सकाळी दही व्हायचं. वेगळं विरजण घालावं लागायचं नाही. विरजण भांड्याच्या अंगातच होतं.

ती पिशवीकडे गेली.

“एक विचारू का? तुम्ही तुमच्या नव्या कांडीनं करता आणि ती तिच्या जुन्या कांडीनं करते. एकदा अदलाबदल करून बघितलंत का?”

पिशवीनं तिच्याकडे बघितलं. “मावशी, त्या बरणीत आधी कुणाकुणाच्या कांड्या होत्या?”

“सगळ्यांच्याच. तिच्या आधीचे दोघं होते ना, रोज पॅलेडियम वापरणारे, त्यांच्या तर जास्तच.”

अदलाबदल केली. पिशवीच्या हातून पहिल्यांदा प्रयोग लागला. चष्मेवालीच्या हातून, नव्या कांडीनं, नाही लागला. मग मावशीनं पिशवीसमोर जुन्या कांड्या आम्लराजात बुडवल्या, एकदा नाही, दोनदा, रात्ररात्रभर. त्यानं घड्याळ लावून वहीत लिहून घेतलं. धुतलेल्या कांडीनं पुन्हा करून बघितलं. थोडा हळू, पण लागला. तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्रात कांडी तपासली, तेव्हा ओरखड्यांच्या आत पॅलेडियमचे कण सापडले. आम्ल तिथवर पोचतच नव्हतं. न घातलेला धातू दर वेळी कांडीच घालत होती.

सरांनी निबंध मागं घ्यायचं ठरवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मात्र मागं घेताना कारण द्यावं लागतं, आणि कारण शोधायचं काम कचेरीकडे गेलं. कचेरीनं ते दोन दिवसांत शोधलं. साहेबांनी काचमावशीला बोलावून खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या खोलीत तिला पहिल्यांदा खुर्ची मिळाली होती.

“तुम्हाला काही होणार नाही,” साहेब म्हणाले. “साधी समज देऊन सोडू. आणि हो, तुमची मुलगी आपल्या चौकशीच्या टेबलावर आहे ना? चांगली मुलगी आहे. पुढच्या आठवड्यात तिची मुदत वाढवायची आहे. माझ्याच टेबलावर कागद आहे.”

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत.

जिन्यात पिशवी भेटला. “सही करू नका असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, मावशी. मला तो अधिकार नाही. पण कांड्या धुतल्या नव्हत्या असं छापून आलं, तर जगातल्या बाकीच्या लॅब म्हणतील, आम्ही तर धुतो, आम्हाला कसली भीती? आणि त्यांच्या बरण्या तशाच राहतील. धुऊनही जात नाही, हेच तर आपल्याला कळलंय. बाकी हाती काय लागलंय दुसरं?”

तिनं घरी येऊन हे सगळं सांगितलं, शुक्रवारी. तेव्हापासून घरात भांडण होतं.

“माझा विचार कर ना थोडा,” मुलगी आता आवाज उतरवून म्हणाली. “पहिल्यांदा बरी नोकरी लागलीय. पंखा आहे, खुर्ची आहे, लोक ‘मॅडम’ म्हणतात. त्या चपलांच्या दुकानात पुन्हा जाऊ? लोकांच्या पायांशी बसायला?”

“जाऊ नकोस.”

“मग सही कर.”

“अगं, मी काय म्हणतो,” नवरा मोरीतून म्हणाला, “तू फेकल्या नाहीस त्या कांड्या, हे खरं ना? नियम होता ना फेकायचा? म्हणजे चूक तुझी झालीच. मग ती ‘धुतल्या नाहीत’ म्हणून लिही की ‘फेकल्या नाहीत’ म्हणून लिही, चुकीला काय कळतंय तिचं नाव?”

“तुम्ही नळ बसवला आणि पाइप फुटला म्हणून गळला, तर नळ नीट बसवला नाही असं लिहून द्याल?”

“बिल मिळणार असेल तर देईन की.”

“देणार नाही तुम्ही. त्या डॉक्टरांच्या बंगल्यात तीन तास भांडला होतात. जोड माझा नाही, पाइप जुना आहे, म्हणून.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

नवऱ्यानं वायसर दाबून बसवला, नळ सोडून पाहिला. नळ गळत होता. “ते माझं काम होतं,” तो म्हणाला, आणि मग काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं लगेच तोच नळ पुन्हा खोलायला घेतला.

सासूबाईंनी मात्र जेवताना विषय सोडला नाही. “मला एक कळत नाही. बाई एवढं धुते, एवढं धुते, आणि तरी आत राहतंच म्हणता. मग धुवायचं तरी कशाला?”

“बाकीचं सगळं जातं, आई. फक्त चिरेत गेलेलं जात नाही.”

“म्हणजे जीर्ण झालं की टाकावंच लागतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. “हे मात्र कुणाला लिहून देऊ नकोस,” मग म्हणाल्या. मुलीलाही हसू आलं. तेवढ्यापुरतं.

चारच्या सुमाराला चष्मेवाली आली. हातात फळांची पिशवी होती. पाच वर्षांत ती या घरी निदान वीस वेळा जेवली होती, आणि रिकाम्या हातानंच आली होती. फळं बघून काचमावशीला ती कशाला आली ते कळलं.

मुलीनं चहा टाकला आणि स्वयंपाकघरातच थांबून राहिली, ऐकू येईल अशी.

“मावशी, माझी तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय,” चष्मेवाली म्हणाली. “तो निबंध गेला तरी बाकीच्या दोन प्रकरणांवर पदवी मिळेल असं सर म्हणतात. पण धुण्याची चूक होती असं आलं, तर तो अपघात ठरतो. कुणाचाही दोष नाही. माझाही नाही.”

“आणि माझा?”

“तुम्हाला कोण काय म्हणणारे, मावशी?”

ती हे प्रेमानं म्हणाली होती, त्यात शंका नव्हती. काचमावशीनं बशी तिच्याकडे सरकवली.

“तू मला त्या कांड्या वेगळ्या ठेवायला सांगितलंस.”

“हो. पण ते आपलं असंच होतं ना. गंमत.”

“मी दोरा बांधला. गंमत नव्हती ती.” तिनं विचारलं, “तुला आठवतं, त्या पावसाळ्यात मी आठवडाभर आजारी होते? बदली बाईला बरणी सापडली नाही आणि तिनं तुला नवी कांडी दिली. मी परत आले त्या दिवशी तू सिंकपाशी उभी राहून रडत होतीस आणि फ्लास्क ओतून दिलास. लागला नाही म्हणालीस.”

चष्मेवालीनं चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं पुसला. तो स्वच्छ होता.

“ते वहीत लिहिलंस?”

“मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ताप होता मलाही. दुसऱ्या दिवशी लागला ना परत.” मग हळू आवाजात, “नाही लिहिलं.”

“बरं.”

“तुम्ही हे सांगणार आहात?”

“मी का सांगू? तुझी वही आहे. तुझं तू काय ते कर.”

“मावशी, मी तुमच्या मुलीसारखी आहे.”

“आहेस ना. ती पण सकाळपासून हेच सांगतेय.”

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला. चष्मेवाली अजून दहा मिनिटं बसली. मग हवेबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल, नवी नोकरी कुठं बघणार त्याबद्दल बोलली. निघताना तिनं वाकून नमस्कार केला आणि जिन्यात गेल्यावर चार पायऱ्या उतरून पुन्हा वर आली.

“ती तारीख मला आठवतेय,” ती म्हणाली. “त्या नव्या कांडीची.”

“मग झालं तर,” काचमावशी म्हणाली आणि दार लावलं.

सासूबाईंनी तोवर एक फळ सोलायला घेतलं होतं. “मुलगी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “फळं पिकलेली आणली.”

संध्याकाळी काचमावशीनं मुलीच्या जुन्या वहीतला एक कोरा कागद काढला आणि जेवणाच्या टेबलापाशी बसली. तिला लिहायची सवय नव्हती. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सोडल्या तर सव्वीस वर्षांत तिनं सलग एक पान लिहिलेलं नव्हतं. पहिला कागद खाडाखोडीत गेला. दुसऱ्यावर तिनं आधी आकडे घातले, एक, दोन, तीन, सिंकवर लावलेल्या सूचनांसारखे, आणि मग ते जमलं. नवरा दोनदा मागून डोकावून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “आम्लराजातला ‘म’ अर्धा असतो.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तू पाण्याच्या टाकीशेजारी ‘आम्ल’ छापलेली बाटली ठेवली होतीस एकदा. अजून विसरलो नाही मी.”

तिनं ‘म’ अर्धा केला.

मुलगी आतल्या खोलीत होती. तिनं बाहेर यायला वेळ लावला. आली तेव्हा डोळे लाल होते आणि केस विंचरलेले होते. म्हणजे रडून झालं होतं आणि काही तरी ठरवून आली होती.

“मी विचार केला,” ती म्हणाली. “आपण मधला मार्ग काढू. तू काहीच देऊ नकोस. आजारी पड. आठ दिवस. तोवर माझा कागद होऊन जाईल, मग तू काय लिहायचं ते लिही.”

नवऱ्यानं आशेनं बायकोकडे बघितलं. हे त्याला पटण्यासारखं होतं. त्याच्या धंद्यात अशी आजारपणं नेहमीची होती.

काचमावशीनं पेनाचं टोपण लावलं. बोटाचा पिवळा डाग कागदाच्या कोपऱ्याला लागला नाही ना, ते तिनं पाहिलं. मग तिघांनाही ऐकू जाईल अशा, पण नेहमीच्याच आवाजात ती बोलली.

“साहेबांच्या कागदावर मी सही करणार नाही. माझा कागद मी लिहिलाय. कांड्या दर आठवड्याला धुतल्या, हे त्यात आहे. सहा महिन्यांनी फेकायच्या होत्या, त्या मी फेकल्या नाहीत, ती चूक माझी, हेही आहे. धुऊन जात नाही, हे सगळ्यात वर आहे. चष्मेवालीबद्दल एक अक्षर नाही. उद्या आठ वाजता पिशवी बसमधून उतरला की त्याच्याकडून वाचून घेईन, एक प्रत सरांना देईन आणि एक कचेरीत. तुझी मुदत वाढली तर वाढली. नाही वाढली तर दुसरं काम शोधायचं, मी तुझ्याबरोबर येईन. मी आजारी पडणार नाही. उद्या कामावर जाणार आहे.”